अक्षर म्हणजे नक्की काय? व्हेरिएबलच्या नावांचे नियम आणि यवतमाळचे सोळा तालुके

प्रोग्रामिंगच्या कुठल्याही पुस्तकात दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या प्रकरणात एक चौकट असते. व्हेरिएबलचं नाव कसं द्यावं? नावात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर चालतात. सुरुवात अंकाने करू नये. मधे मोकळी जागा सोडू नये. भाषेचे राखीव शब्द वापरू नयेत. हे चार नियम आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिले, मार्क घेतले आणि पुन्हा त्या चौकटीकडे कधी पाहिलं नाही.

आज ती चौकट परत उघडू या. पेटची किंवा नेट-सेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात की संशोधनाचा विषय शोधायचा कुठे. एक जागा सांगतो. ज्या व्याख्येला सगळे गृहीत धरतात, तिथे शोधा. वरच्या चौकटीत असा एक शब्द आहे: ‘अक्षर’. नियम म्हणतो अक्षरं चालतात. अक्षर म्हणजे काय हे कोणी ठरवलं, आणि ठरवताना त्यांच्या डोळ्यांपुढे कुठली लिपी होती? या लेखात टीका करायची आहे ती याच गोष्टीवर. आणि टीका नुसत्या तक्रारीसारखी होऊ नये म्हणून उदाहरणं आपल्याच जिल्ह्यातली घेणार आहे, म्हणजे तुम्हाला ती घरच्या कॉम्प्युटरवर तपासून बघता येतील.

नियम आकाशातून पडत नाहीत

आधी एक जुनी गोष्ट. १९५७ साली आयबीएमने फोर्ट्रान भाषा बाहेर आणली. तिच्यात व्हेरिएबलचं नाव जास्तीत जास्त सहा कॅरेक्टरचं असे. सहाच का? ती ज्या आयबीएम ७०४ मशीनसाठी होती, तिचा एक ‘वर्ड’ ३६ बिटांचा होता आणि एका कॅरेक्टरला ६ बिट लागत. एका वर्डमध्ये सहा कॅरेक्टर नेमकी मावत. म्हणजे मशीनची पेटी जेवढी, तेवढं नाव. पुढे मशीन बदलल्या, पण नियमाची सावली मागे राहिली. १९८९ च्या सी भाषेच्या मानकातसुद्धा दुसऱ्या फायलीतून वापरायच्या नावाची फक्त पहिली सहा कॅरेक्टर ओळखली जातील, एवढीच किमान हमी दिलेली होती.

१९९९ च्या मानकाने ती हमी ३१ वर नेली आणि इंग्रजीबाहेरच्या लिप्यांनाही दार उघडलं. ऐकायला छान वाटतं. पण बारीक अक्षरातली अट वाचा. अशा लिपीतलं एकेक चिन्ह बाहेरच्या नावांसाठी सहा कॅरेक्टरचं धरलं जाईल, असं तिथे लिहिलेलं आहे. आता ३१ ला ६ ने भागा. पाच चिन्हं. ‘शेतकऱ्यांची_संख्या’ आणि ‘शेतकऱ्यांचे_क्षेत्र’ ही दोन नावं घ्या. पहिली पाच चिन्हं दोन्हीकडे तीच: श, एकाराची मात्रा, त, क, ऱ. मानकाच्या किमान हमीप्रमाणे ही दोन नावं वेगळी ओळखली जातीलच असं नाही. प्रत्यक्षात जीसीसीसारखे कंपायलर पूर्ण नाव बघतात, त्यामुळे रोजच्या कामात हा त्रास होत नाही. पण मानक म्हणजे करार. करारात इंग्रजी नावाला ३१ जागा आणि मराठी नावाला ५, हे लिहिलेलं होतं. पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत मात्र ते कधी आलं नाही.

इथून पहिला धडा घ्या: पाठ्यपुस्तक नियम सांगतं, नियमाची अट सांगत नाही. संशोधकाने मूळ मानक उघडायचं असतं.

सोळापैकी किती चालले?

आता गो भाषेकडे या. गूगलमध्ये तयार झालेली ही भाषा २००९ मध्ये जाहीर झाली. तिचा नियम अगदी आटोपशीर आहे: नावात युनिकोडची अक्षरं, युनिकोडचे अंक आणि अंडरस्कोअर. कुठल्याही लिपीचं नाव घेतलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, वा, सगळ्या जगाला समान न्याय.

आता यवतमाळ जिल्ह्यातले सोळा तालुके व्हेरिएबलची नावं म्हणून देऊन बघा. यवतमाळ, बाभुळगाव, कळंब, राळेगाव, घाटंजी, केळापूर, वणी, मारेगाव, झरी-जामणी, आर्णी, दारव्हा, दिग्रस, नेर, पुसद, उमरखेड, महागाव. निकाल सांगतो. सोळापैकी एकही चालत नाही. झरी-जामणीतली आडवी रेघ वजाबाकी समजली जाईल, ते समजण्यासारखं आहे. पण बाकीच्यांचं काय?

कारण युनिकोडच्या वर्गवारीत आहे. युनिकोड प्रत्येक चिन्हाला एका गटात टाकतं. क, ख, ग, य, र, ल ही ‘लेटर’. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं हलन्त चिन्ह ही ‘मार्क’. गो भाषा फक्त लेटर घेते, मार्क घेत नाही. ‘यवतमाळ’मध्ये एक काना आहे, झालं, नाव बाद. ‘कळंब’ला अनुस्वार नडतो. ‘पुसद’ला उकार नडतो. शेतातली पिकं घ्या: कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी सगळी बाद. ‘हळद’ चालते आणि ‘खत’ चालतं, कारण त्यांना काना-मात्रा नाही. एखाद्या पाहुण्याला तुम्ही म्हणावं, घरात या, फक्त हातपाय बाहेर ठेवा, तसला हा प्रकार.

आता प्रश्न येतो की हे अज्ञानातून झालं का. नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. गो भाषेच्या तिघा रचनाकारांपैकी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ तयार केलं. आज तुमच्या फोनवर मराठी दिसतं ते बहुतांशी त्याच यूटीएफ-८ मधून येतं. जगातल्या लिप्या कॉम्प्युटरमध्ये कशा बसवायच्या हे ज्यांना नीट कळलं होतं, त्यांनीच हा नियम केला आहे. गो भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत हे कबूलही केलेलं आहे: जोडून येणारी चिन्हं जाणूनबुजून वगळली, आणि त्यामुळे देवनागरीसारख्या भाषा वगळल्या जातात. वाक्यातला शब्द पुन्हा बघा. देवनागरी ही भाषा म्हटलेली आहे. ती लिपी आहे, आणि मराठी, हिंदी, नेपाळी, कोंकणी अशा कितीतरी भाषा तिच्यात लिहिल्या जातात. एका शब्दात एवढ्या भाषा बाहेर राहिल्या, आणि तो शब्दही चुकीचा.

त्यांची बाजूही न्यायाने मांडू. जोडून येणारी चिन्हं आली की एकच दिसणारं नाव दोन प्रकारे लिहिता येतं. मग कंपायलरला प्रत्येक नाव आधी एका साच्यात आणावं लागतं. याला नॉर्मलायझेशन म्हणतात. गो भाषेला साधा आणि झटपट चालणारा कंपायलर हवा होता, म्हणून हे लचांड नको म्हणून टाळलं. हा तांत्रिक निर्णय म्हणून समजतो. माझा आक्षेप वेगळा आहे. नियम साधा झाला, पण त्या साधेपणाची किंमत कोणी भरली? इंग्रजी लिहिणाऱ्याने एक पैसाही भरला नाही.

गो भाषेत दुसरीही एक गंमत आहे. एखादं नाव पॅकेजबाहेर वापरायचं असेल तर ते कॅपिटल अक्षराने सुरू व्हायला हवं. देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल असा भेदच नाही. म्हणजे ‘हळद’ चालली तरी पॅकेजच्या आतच. रूबी भाषेत क्लासचं नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावं लागतं, त्यामुळे ‘शेतकरी’ नावाचा क्लास तिथे बनवताच येत नाही. एका लिपीची सवय दोन भाषांच्या व्याकरणात शिरली आणि कोणालाच ती सवय वाटली नाही.

आत घेतलं, पण ओळखलं का?

तुम्ही म्हणाल, गो सोडा, पायथॉन आहे ना. खरं आहे. पायथॉनने २००७ मध्ये पीईपी ३१३१ हा प्रस्ताव स्वीकारला आणि २००८ च्या पायथॉन ३ पासून देवनागरी नावं चालायला लागली. युनिकोडचं यासंबंधीचं एक परिशिष्ट आहे, ३१ क्रमांकाचं. त्यात नावाची सुरुवात कशाने व्हावी आणि पुढे काय चालावं याच्या दोन याद्या सुचवल्या आहेत, आणि पुढच्या यादीत मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं आहे. पायथॉन त्याच याद्या वापरतं. झरी-जामणीच्या रेघेऐवजी अंडरस्कोअर घातला की आपले सोळाही तालुके पायथॉनमध्ये बिनतक्रार चालतात.

पण पायथॉन स्वतःशीच एकमत नाही. ‘गाव’ हा शब्द नाव म्हणून चालेल का असं विचारणाऱ्या इझआयडेंटिफायर या मेथडला विचारा, उत्तर हो. तोच शब्द फक्त अक्षरांचा आहे का असं विचारणाऱ्या इझअल्फाला विचारा, उत्तर नाही. कारण पुन्हा तेच, काना म्हणजे मार्क. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘शब्दातलं चिन्ह’ शोधणारा जो नेहमीचा पॅटर्न आहे, बॅकस्लॅश आणि डब्ल्यू, तो ‘यवतमाळ’चे दोन तुकडे करतो: ‘यवतम’ आणि ‘ळ’. ‘शेतकरी’चे ‘श’ आणि ‘तकर’ होतात. कोणी मराठी बातम्यांतले शब्द मोजायला हा पॅटर्न वापरला, तर प्रोग्राम एररही देणार नाही. यादी येईल, आलेख येईल, आणि सगळं चुकीचं असेल. एकाच भाषेत ‘अक्षर’ या शब्दाच्या दोन व्याख्या शेजारी शेजारी राहतात, आणि कुठे कुठली लागू आहे हे मात्र वापरणाऱ्याने शोधायचं.

आता थोडं खोलात. मराठीत एक खास गोष्ट आहे, रफार वेगळा आणि आडवा र वेगळा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना वेगळं, आचाऱ्यांना वेगळं. हिंदीत हा भेद नाही. आपल्याकडे तर तो पावलोपावली आहे, कारण आपण कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतो आणि तुरीच्या वाळल्या काडीला तुऱ्हाटी. ‘शेतकरी’ या शब्दाला प्रत्यय लावला की तोही ‘शेतकऱ्या’ होतो.

हा आडवा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. पहिला मार्ग म्हणजे ऱ हे स्वतंत्र चिन्ह, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. दुसरा जुना मार्ग म्हणजे साधा र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह. युनिकोडने जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून दोन्ही ठेवले. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. नॉर्मलायझेशन केलं तरी ते एक होत नाहीत.

आता तीन भाषा याचं काय करतात ते बघा. पायथॉन अदृश्य जॉइनर असलेलं नाव सरळ नाकारतं. जावास्क्रिप्ट २००९ च्या आवृत्तीपासून तो जॉइनर चालवून घेते, पण नॉर्मलायझेशन करत नाही, म्हणून डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावं तिथे दोन वेगळी व्हेरिएबल होतात. जावाची तऱ्हा तिसरी. जावा अशा अदृश्य चिन्हांना ‘दुर्लक्ष करण्याजोगी’ समजते आणि नावांची तुलना करताना ती गाळून टाकते. जॉइनर गाळला की जुन्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चं काय उरतं? ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. मराठीत ज्या चिन्हाने अर्थ बदलतो, ते जावाच्या लेखी दुर्लक्ष करण्याजोगं आहे.

दुसरी जोडी घ्या. ‘ॲग्रो’ ही पाटी आपल्याकडे कृषी केंद्रांच्या दुकानांवर सर्रास दिसते. तिच्यातला ॲ हे स्वतंत्र चिन्ह, क्रमांक ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक साधा अ घेऊन त्यावर चंद्र काढत, आणि अजूनही कितीतरी जण तसंच टाइप करतात. हे दोन्हीही सारखेच दिसतात आणि नॉर्मलायझेशनने एक होत नाहीत. असे तुकडे जोडून स्वर लिहू नका, अशी यादी युनिकोडच्या मुख्य ग्रंथात आहे. पायथॉन मात्र त्या यादीकडे न बघता दोन्ही नावं घेतं आणि त्यांची दोन वेगळी व्हेरिएबल करतं. म्हणजे गो भाषेने आपल्याला दारातच अडवलं, तर पायथॉनने घरात घेतलं पण एकाच माणसाच्या नावे दोन रेशन कार्डं काढली.

यात पणाला काय लागलंय?

कोणी म्हणेल, एवढ्या बारकाव्याचा कोणाला फरक पडतो? कोड इंग्रजीतच लिहितात सगळे. हा प्रश्न योग्य आहे, टाळण्यासारखा नाही.

आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर ज्या आकडेवारीमुळे घेतलं जातं, ती शेतकऱ्यांची आहे. या विषयावर काम करणारे विद्यार्थी पुढेही येत राहतील. त्यांच्या हातात ज्या एक्सेल फायली पडतील, त्यांच्यात एक कॉलम बहुतेक असतोच: शेतकऱ्याचे नाव. समजा एका फायलीत तो शब्द ऱ वापरून लिहिला आहे आणि दुसरीत जुन्या जॉइनरने. पांडाज लायब्ररीत दोन फायली एकाखाली एक जोडल्या, तर एकाच नावाचे दोन कॉलम तयार होतात, दोन्ही अर्धे-अर्धे रिकामे. मग रिकाम्या ओळी गाळण्याची ती नेहमीची आज्ञा द्या. माणसं गळली. एरर आली नाही. प्रबंधात तक्ता छापला गेला, गाइडने सही केली, व्हायवामध्येही कोणाला दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. पडद्यावर दोन्ही नावं सारखीच होती.

कॉलमचं नाव आणि व्हेरिएबलचं नाव या तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवा. पायथॉन कोडमधली नावं स्वतः साच्यात आणतं, पण अवतरणचिन्हांतला मजकूर जसाच्या तसा ठेवतं. म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एका ‘ऱ’ला नियम लागू आणि शेजारच्या ‘ऱ’ला नाही.

मग सगळं रोमन लिपीत लिहून टाकावं का? बहुतेक जण तेच करतात. त्याने आधीचे प्रश्न सुटतात आणि नवे सुरू होतात. वणी डब्ल्यूने लिहायचं की व्हीने? ळ आणि ल दोन्ही एलच होतात, मग माळ आणि माल यांत फरक कसा करणार? खुद्द यवतमाळचं ब्रिटिशकालीन स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं होतं, त्यात वाय नंतर ई आणि ओ यायचे, आणि जुनं गॅझेटियर चाळणाऱ्याला ते भेटतंच. केळापूर तालुक्याचं ठिकाण पांढरकवडा, म्हणून कुठल्या यादीत हे नाव तर कुठल्या यादीत ते. देवनागरीतला घोळ निदान मोजता येतो. रोमन मराठीला तर नियमच नाही, ज्याचा त्याचा हात.

संशोधनाने काय पाहिलं, काय नाही

नावांवर गंभीर संशोधन झालेलं आहे आणि ते तुम्ही वाचायलाच हवं. डाइसेनबोक आणि पिझ्का यांनी दाखवलं की मोठ्या सॉफ्टवेअरच्या कोडमधली साधारण ७० टक्के कॅरेक्टर ही नावांचीच असतात. लॉरी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शंभरावर प्रोग्रामरांना घेऊन पाहिलं की पूर्ण शब्दांची नावं एका अक्षराच्या नावांपेक्षा कोड समजायला जास्त मदत करतात. बिंक्ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कॅमलकेस आणि अंडरस्कोअर यांची तुलना केली आणि अचूकतेत कॅमलकेस सरस ठरली. शरीफ आणि मॅलेटिक यांनी २०१० मध्ये डोळ्यांची हालचाल टिपून तोच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा अचूकतेत फरक दिसला नाही, पण अंडरस्कोअरची नावं लवकर ओळखली गेली. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आली की गोंधळून जाऊ नका. प्रयोग कसा केला, कोणावर केला हे बघा. संशोधन वाचणं म्हणजे हेच.

पण या सगळ्या अभ्यासांत एक गोष्ट न बोलता मान्य केलेली आहे: ‘पूर्ण शब्द’ म्हणजे इंग्रजी शब्द. कॅमलकेस म्हणजे मधल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. देवनागरीत मोठं अक्षरच नाही, त्यामुळे आपल्यासाठी तुलनेची एक बाजूच गायब होते. घरी मराठी बोलणाऱ्या, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि कॉलेजात एकदम इंग्रजी कोड वाचायला लागलेल्या मुलीला ‘पेरणी_दिनांक’ लवकर समजतं की त्याचं इंग्रजी भाषांतर, हा प्रश्न या अभ्यासांनी विचारलेला नाही. त्यांचे निष्कर्ष चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. ते ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांच्यासाठी आहेत, आणि आपण ते सगळ्यांसाठी म्हणून उद्धृत करतो. चूक उद्धृत करणाऱ्याची.

दुसऱ्या बाजूचं वजनही कमी नाही. पायथॉनची शैली-मार्गदर्शिका पीईपी ८ सांगते की पायथॉनच्या मूळ लायब्ररीत नावं रोमन लिपीतच हवीत, आणि जमेल तिथे इंग्रजी शब्द वापरावेत. कोड जगभर वाचला जातो, त्यामुळे हे पटतं. सुरक्षेचाही प्रश्न आहे. केंब्रिजच्या बाउचर आणि अँडरसन यांनी २०२१ मध्ये ट्रोजन सोर्स या नावाने दाखवलं की कोडमध्ये अदृश्य किंवा सारखी दिसणारी चिन्हं घालून वाचणाऱ्याला फसवता येतं. अदृश्य जॉइनर नाकारणाऱ्या पायथॉनकडे सबळ कारण आहे. रस्ट भाषेने २०२१ मध्ये इंग्रजीबाहेरची नावं सुरू केली, ती नॉर्मलायझेशनसकट, आणि फसव्या, सारख्या दिसणाऱ्या नावांबद्दल कंपायलर इशारा देईल अशी सोयही ठेवली. मला आजच्या घडीला हा मार्ग सगळ्यात समंजस वाटतो: दार उघडं ठेवायचं, पण आत येणाऱ्याची नीट ओळख पटवायची. ॲसारख्या जोड्यांसाठी युनिकोडच्या त्या यादीवरूनच कंपायलरने इशारा द्यावा, एवढी भर त्यात पडली तर आपलं बरंच काम होईल.

अक्षर, वर्ण, चिन्ह

मुळात गोंधळ कुठे झाला? आपण ‘लेटर’चं भाषांतर ‘अक्षर’ केलं आणि पुढे निघालो. मराठीत अक्षर म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. ‘पऱ्हाटी’ कोणालाही विचारा, तीन अक्षरं सांगेल: प, ऱ्हा, टी. युनिकोडने मोजली तर चिन्हं सात: प, ऱ, हलन्त, ह, काना, ट, वेलांटी. त्या सातांपैकी ‘लेटर’ चार आणि ‘मार्क’ तीन. म्हणजे एकाच शब्दाची तीन उत्तरं: तीन, सात आणि चार. तिन्ही आपापल्या व्याख्येने बरोबर. नियम लिहिणाऱ्याने यातली एक निवडली आणि ती निवड आहे हे सांगितलं नाही. अ-ब-क-डसारख्या सुट्या लिपीत तिन्ही उत्तरं सहसा जवळजवळ येतात, म्हणून त्यांना निवड केल्याचं जाणवलंही नसेल. आपल्या लिपीत ती फाकतात, म्हणून आपल्याला दिसलं. असं दिसणं हेच तुमचं भांडवल आहे, सिनॉप्सिस लिहिताना ते वापरा.

काम सुरू करणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. मराठी डेटा हातात आला की पहिल्याच पायरीवर सगळा मजकूर एका साच्यात आणा, आणि नुसत्या नॉर्मलायझेशनवर थांबू नका: जुना जॉइनरवाला र आणि चंद्रवाला अ स्वतंत्रपणे बदलून घ्या. हे केलं असं पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात लिहा. दोन तक्ते जुळवताना गावा-तालुक्यांच्या नावांवर भिस्त ठेवू नका. जनगणनेचे किंवा पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे कोड वापरा आणि नाव फक्त वाचण्यापुरतं ठेवा. कोडमध्ये नावं कुठल्या लिपीत द्यायची हे टीमप्रमाणे ठरवा, पण एकदा ठरवलं की सोबत शब्दसूची जोडा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्याला तुमचा ‘माल’ माळ आहे की माल हे विचारायला फोन करावा लागणार नाही. शब्द मोजताना तो नेहमीचा पॅटर्न वापरण्याआधी त्याला पाच मराठी शब्द देऊन बघा.

आणि विषय शोधत असाल तर हे तीन प्रश्न घ्या, तिन्ही मोकळे आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना मराठी, रोमन मराठी आणि इंग्रजी यांपैकी कुठल्या नावांचा कोड लवकर आणि अचूक समजतो? खुल्या सरकारी मराठी फायलींत आडवा र किती ठिकाणी कुठल्या मार्गाने लिहिलेला आहे? वेगवेगळे मराठी कीबोर्ड ‘पऱ्हाटी’ टाइप केल्यावर नेमकी कुठली चिन्हं देतात? तिसऱ्या प्रश्नाला एक लॅपटॉप, दोन-तीन मित्रांचे फोन आणि एक रिकामी दुपार पुरते. सुरुवात तिथून करा.